लाट वेळापत्रक पाळत नाही

व्यावसायिक स्पर्धांमुळे सर्फिंगचे, म्हणजे फळीवर उभे राहून समुद्राच्या लाटेवर स्वार होण्याच्या खेळाचे, मूळ रूप हरवेल ही सर्फरांची भीती आपल्याकडे छापून आलेल्या सर्फिंगवरील लेखात अतिरंजित ठरवली आहे, ते मला पटत नाही. समुद्रातली लाट वेळापत्रक पाळत नाही. म्हणून स्पर्धेसाठी अनेक दिवस राखून ठेवून चांगल्या लाटांची वाट पाहावी लागते, आणि नेमके हे थांबणेच टीव्हीवरील प्रक्षेपणाला अडचणीचे वाटते. विख्यात अमेरिकी सर्फर केली स्लेटर यांनी २०१५ मध्ये कॅलिफोर्नियात, किनाऱ्यापासून दूर, कृत्रिम लाटांचा तलाव जगापुढे आणला आणि २०१८ मध्ये तिथे जागतिक मालिकेची स्पर्धाही झाली; तिथे लाट हवी तेव्हा उठवता येते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील सर्फिंगसाठी प्रशांत महासागरातील ताहिती बेटावर तेआहुपो येथे परीक्षकांचा ॲल्युमिनियमचा मनोरा उभारताना प्रवाळांची हानी होईल म्हणून स्थानिकांनी, सर्फरांसह, विरोध केला, तेव्हा मनोऱ्याचा आकार कमी करावा लागला.

आम्हा ठाणेकरांना हे परके नाही. लाखोंच्या बक्षिसांमुळे दहीहंडी गल्लीतून मोठ्या मंचांसमोर गेली, २०२२ मध्ये तिला साहसी खेळाचा दर्जा मिळाला. गोविंदांना विमा मिळाला, हे मोलाचेच आहे. पण थर लावण्याची वेळ आता पुष्कळदा मंचावरील पाहुण्यांच्या सोयीने ठरते, आणि पथके ताटकळत उभी राहतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.