'नाटकाचा पडदा' म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

सतराव्या शतकातला फ्रेंच चित्रकार क्लोद लोरेन याच्या शाई आणि वॉशमधल्या (म्हणजे पाणी घालून पातळ केलेल्या शाईच्या) निसर्गचित्रांवर मी लिहिलं, त्यावर कुणीतरी नाव न देता लिहिलंय : "हा निसर्ग नव्हे, नाटकाचा पडदा आहे. घरबसल्या पुस्तकं चाळून भारावणाऱ्यांना हे कळायचं नाही."

आधी माझी चूक. 'लिबर व्हेरिटाटिस' या क्लोदच्या वहीत त्याची 200 रेखाटनं आहेत असं मी लिहिलं होतं; 195 म्हणायला हवं होतं. दुरुस्त केलंय, आभार.

आता 'घरबसल्या'. मतभेद असू देत, पण समोरच्यानं आयुष्यात काय केलंय हे ठाऊक नसताना असं बोलायची ही कुठली रीत? बावीस वर्षं मी टाक आणि कुंचला हातात धरतोय. वाईला कृष्णेच्या घाटावर एप्रिलच्या उन्हात वॉश देऊन बघा. दूरच्या डोंगरासाठी शाईत भरपूर पाणी घालून हात फिरवायचा आणि कड वाळायच्या आत पुढचा हात तिला भिडवायचा. श्वासभर उशीर झाला की तिथे काळपट रेघ उमटते, ती पुसता येत नाही. असे कितीतरी कागद मी फाडलेत. हे पुस्तकं चाळून शिकता येत नाही.

आणि क्लोद तरी कुठे घरात बसला होता? रोममध्ये त्याच्या ओळखीतला चित्रकार झांड्रार्ट लिहून गेलाय, की पहाट आणि सूर्यास्त पाहायला क्लोद उजाडण्यापूर्वीच माळावर जाऊन पडायचा, तो रात्र होईपर्यंत. रोममधल्या मोंते मारिओ टेकडीवरून दिसणारी टायबर नदी त्याने काढलीय, ते चित्र ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. जवळजवळ सगळं काम कुंचल्याचं : पुढे भुऱ्या शाईचा गडद पट्टा, आणि नदीच्या जागी उजळ सोडलेला कागद. त्या कोऱ्या कागदावर खरंच ऊन पडल्यासारखं वाटतं. पडदा रंगवणाऱ्याला हे कुठून सुचणार?

एका बाजूला गर्द झाड, मध्ये पाणी, मागे विरत गेलेले डोंगर, कडेला एखादं देऊळ : ही मांडणी तो घरी येऊन करायचा, हे मीही लिहिलं होतं. तुम्ही तो परिच्छेद वाचलेला दिसत नाही. जागा जुळवलेली असेल, उजेड मात्र त्याने रोमभोवतीच्या कांपान्याच्या माळावर डोळ्यांनी वेचलेला आहे. माझा सगळा लेख त्या उजेडाबद्दलच होता.

त्याच काळातला रोममधला चित्रकार पुसँ श्रेष्ठ की क्लोद, वहीतले निळे कागद मुद्दाम घातलेले की कसे, वगैरे बाकीच्या मुद्द्यांत मी शिरत नाही. ज्यांना नीट बोलायचंय त्यांच्याशी त्यावर बोलेन. पुढच्या वेळी नाव घालून लिहा, आणि आधी लेख शेवटपर्यंत वाचा.