खुलासा: बोटं मोडल्याने हाडं झिजत नाहीत

‘बोटं मोडली की सांध्यातलं ग्रीस संपतं, हाडावर हाड घासतं आणि संधिवात होतो’ हा मेसेज रविवारी मीच ग्रुपवर टाकला होता. तो चुकीचा आहे.

तो कट् आवाज हाडांचा नसतोच. सांध्यात हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते आणि मध्ये वंगणासारखा द्रव. बोट ओढलं की आतला दाब एकदम घटतो आणि द्रवात वायूची पोकळी तयार होते. २०१५ साली कॅनडातल्या संशोधकांनी एमआरआयखाली हे प्रत्यक्ष टिपलं. करून बघा, एकदा वाजलेलं बोट लगेच पुन्हा वाजत नाही. द्रव संपत नाही. सांध्याचं अस्तर तो तयार करत राहतं.

अमेरिकेतले डॉ. डोनाल्ड उंगर यांनी ५० वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली. १९९८ मध्ये त्यांनी नोंदवलं, संधिवात दोन्ही हातांत नाही. एका माणसाचा पुरावा तोकडाच, पण अनेकांच्या तपासणीतही संबंध आढळलेला नाही.

दृष्ट काढताना कानशिलावर कडाकडा बोटं मोडणाऱ्या आजीला उगाच घाबरवू नका. सांधा दुखत किंवा सुजत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तिथे हा खुलासा टाका.