सोयराबाई बैठकीत, पोरगी मागच्या खोलीत

दुपारपासून डोकं शांत होत नाहीये. भाचीला विचारलं, लिहू का? "लिही आत्या," म्हणाली. म्हणून लिहितेय.

आज आषाढी. भावाकडे भजन होतं. तेरा वर्षांची ही पोर दोन महिने झांजा शिकत होती. सकाळी तिला पाळी आली. झांजा काढून घेतल्या, तिला मागच्या खोलीत बसवलं. आणि बैठकीत मंडळाने म्हटलं काय? सोयराबाईचा विटाळाचा अभंग! विटाळ देहातच जन्मतो, त्याच्यावाचून जगात एकही देह घडत नाही, असं चोखोबांच्या बायकोने चौदाव्या शतकात ठणकावून सांगितलं. तेच डोळे मिटून गात होत्या सगळ्या, आणि भिंतीपलीकडे पोर मुसमुसत होती.

मला आजी आठवली. आठवीत होते, तेव्हा तिनेच मला पडवीत बसवलं होतं. ताट लांबून सरकवायची. माळकरी बाई, वारी करणारी! कित्येक वर्षं मी तो राग सोडला नाही.

श्रद्धेचा प्रश्न आहे, हे मला सांगू नका. मीही एकादशी धरते. मनात दोन उलट गोष्टी एकत्र नांदतात, माझ्याही नांदतात. पण त्यांचं भाडं लेकराने भरायचं? चोखोबांचे अभंग सगळ्यांना हवेत, चोखोबा मात्र महाद्वाराबाहेर पायरीशी. त्यांच्या माणसांना आत घ्यावं म्हणून १९४७ साली साने गुरुजींना पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं. तेव्हाही गाणारे असेच तल्लीन होऊन गात असणार.

पूर्वी त्या चार दिवसांत बायकांना कामातून सुटका मिळायची, मान्य. या पोरीला सुटका नको होती, झांजा हव्या होत्या.

आजीचं अर्धंच सांगितलं. शेवटच्या आजारपणात एका रात्री ती म्हणाली, "वाखरीच्या अलीकडं मला अडचण आली हुती. कुनाला बोलले न्हाई. तशीच चालले, तशीच पायावर डोकं ठिवलं." परत आली तर धाकट्या काकाला टायफॉइड. काका बरा झाला, पण आपल्यामुळेच झालं, असं ती तीस वर्षं मनात धरून होती. मी विचारलं, मग मला पडवीत का बसवलंस?

"तुला काय हुईल म्हून भ्यायले गं."

हे लिहिता लिहिता राग उतरतोय. सकाळी वहिनींनी झांजा घेतल्या तेव्हा त्यांचा हात थरथरत होता, ते मला आत्ता आठवतंय. मी चार बायकांदेखत त्यांना नको ते बोलून आले. ते चुकलं माझं.

वहिनी, तुम्ही हे वाचाल. माझ्यावर रागवा हवं तर. पण रात्रीच्या हरिपाठाला तिच्या झांजा तिला परत द्या.