डीएनएमध्ये जात सापडली म्हणे!

सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग शाळेच्या ग्रुपवर, मग मावशीने पाठवला, तो मेसेज तुम्हालाही आला असेलच. थोडक्यात म्हणणं असं: महाराष्ट्रातल्या जाती म्हणजे वेगवेगळे वंश आहेत, इंग्रजांनी नाकं आणि कवट्या मोजून ते सिद्ध केलं, घारे डोळे नि गोरा रंग म्हणजे बाहेरचं रक्त, 'डेक्कन कॉलेजच्या शास्त्रज्ञांनी' हरियाणातल्या राखीगढीच्या, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या काळातल्या वस्तीच्या, डीएनएवरून शिक्कामोर्तब केलं की बाहेरून कोणी आलंच नाही, आणि अमेरिकेचं सरकारसुद्धा फॉर्मवर वंश विचारतं म्हणजे ते शास्त्रीयच असणार. बाहेरचं रक्त पण आहे आणि बाहेरून कोणी आलं पण नाही, हे दोन्ही एकाच मेसेजमध्ये, फॉरवर्ड करणाऱ्यांनी शेवटपर्यंत वाचला का हा प्रश्नच आहे.

आधी नाकं. हे रिस्ले साहेबांचं काम, 1901 च्या जनगणनेचे कमिशनर. नाकाची रुंदी भागिले उंची गुणिले शंभर, आणि त्यावरून म्हणे जातीची पायरी कळते, नाक जितकं रुंद तितकी जात खाली. आता गंमत बघा, त्याच रिस्लेने मराठी ब्राह्मण आणि कुणबी दोघांना एकाच खणात टाकलं होतं, 'सिथो-द्रविडियन' (शक आणि द्रविड यांचं मिश्रण) नावाच्या. म्हणजे ज्या साहेबाचा दाखला देऊन वेगळा वंश सिद्ध करायचाय तोच साहेब म्हणतो तुम्ही एकच. आंबेडकरांनी तर 1936 सालीच लिहून ठेवलंय की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार वंशाने एकच, आणि मद्रासच्या ब्राह्मणाचं पंजाबच्या ब्राह्मणाशी वंशाचं काही नातं नाही.

कवट्यांचं म्हणाल तर त्यासाठी लांब जायला नको, आपल्या मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे. 1920 च्या दशकाच्या शेवटी बर्लिनला गेल्या, गाईड कोण तर ऑयगेन फिशर, ज्याचं वंशशास्त्र पुढे नाझींनी डोक्यावर घेतलं. विषय होता कवटीची डावी-उजवी बाजू सारखी नसणं, आणि गोऱ्यांच्या कवटीत काही खास निघेल ही अपेक्षा. बाईंनी मोजलं आणि लिहिलं की वंशाशी याचा संबंध दिसत नाही. गाईडच्या विरोधात, परक्या देशात, त्या काळात! पुढे डेक्कन कॉलेजात असताना महाराष्ट्रभर फिरून माणसं मोजली, आणि निष्कर्ष काय, तर एकाच नावाखाली येणारे गटसुद्धा, ब्राह्मण म्हणवणारे असोत की कुंभार, एकाच मुळातून फुटलेले नाहीत, वेगवेगळे गट शेजारी शेजारी येऊन बसलेत.

घाऱ्या डोळ्यांवर फार वेळ घालवत नाही. निळ्या-घाऱ्या डोळ्यांचा मुख्य खेळ 15 नंबरच्या क्रोमोसोमवरच्या एका छोट्या जागेवर चालतो, तेवढ्यावरून अख्ख्या माणसाचा गाव-पत्ता काढायचा असेल तर ज्योतिषीच बरा.

राखीगढी. 2019 साली संशोधनाचा पेपर आला, वसंत शिंदे पहिले लेखक, डेक्कन कॉलेजचे माजी कुलगुरू, इथपर्यंत मेसेज बरोबर. पण साठेक सांगाड्यांचे नमुने तपासून वापरण्याजोगा डीएनए मिळाला एकाच बाईचा. तिच्यात मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशातल्या लोकांचा, म्हणजे स्टेपवाल्यांचा, अंश नाही. बरोबर, कारण ती त्यांच्या आधीची! त्याच महिन्यात दुसरा मोठा पेपर आला, त्यात काही शास्त्रज्ञ तेच, आणि तो सांगतो की तो अंश इकडे आला साधारण इ.स.पू. 2000 नंतर. आज तो बहुतेक सगळ्यांत कमी-जास्त आहे, काही गटांत जास्त, हे मान्य करायला काहीच हरकत नाही. पण कमी-जास्त म्हणजे पायऱ्या नाहीत, उतार आहे. 2009 मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या लोकांनी आणि हार्वर्डवाल्यांनी मिळून जे गट तपासले त्यात शुद्ध जवळजवळ कोणीच निघालं नाही, बहुतेक सगळे मिश्रण. नंतरच्या अभ्यासात दिसलं की साधारण 4,200 ते 1,900 वर्षांपूर्वी ही सरमिसळ जोरात चालू होती, मग जातीतच लग्नं सुरू झाली आणि ती थांबली. त्यामुळे गटागटांत फरक दिसतो, काही आजारसुद्धा एखाद्या जातीत जास्त दिसतात, पण तो लग्नाच्या नियमांचा परिणाम, वेगळ्या वंशाचा पुरावा नाही.

आणि खण पाडायचेच असतील तर बेने इस्राएलींना, म्हणजे आपल्या मराठी ज्यूंना, कुठे घालणार? पुण्यात रास्ता पेठेत त्यांचं सिनेगॉग आहे, आडनावं पेणकर, किहीमकर, घरात मराठी, डीएनए तपासला तर पश्चिम आशियाचाही अंश आणि इथलाही भरपूर.

आता अमेरिका, कारण पुण्यात हा मुद्दा सगळ्यात जास्त चालतो, प्रत्येकाचं कोणीतरी तिकडे आहेच. 1923 चा खटला आहे, भगतसिंग थिंड, पंजाबी, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होता. तेव्हा बाहेरून आलेल्यांपैकी नागरिकत्व फक्त गोऱ्यांना (आणि आफ्रिकन वंशाच्यांना) मिळायचं. याचा युक्तिवाद काय, तर मी उच्च जातीचा आर्य, शास्त्राप्रमाणे कॉकेशियन (तेव्हाच्या वंशशास्त्रात युरोपीय लोकही ज्या वंशात धरत तो), म्हणून गोरा, आणि खालच्यांशी आम्ही लग्नं करत नाही हेही वर. म्हणजे आपला फॉरवर्डच, शंभर वर्षं आधी, थेट सुप्रीम कोर्टात! त्याच कोर्टाने तीनच महिन्यांपूर्वी ओझावा नावाच्या जपानी माणसाला सांगितलं होतं की तू गोरा नाहीस कारण कॉकेशियन नाहीस. थिंडला सांगितलं, कॉकेशियन असशील पण सामान्य माणूस तुला गोरा म्हणणार नाही. शास्त्र सोयीचं तेव्हा शास्त्र, नाहीतर जनमत. ओझावाला नागरिकत्व मिळालंच नाही, थिंडचं मिळालेलं गेलं.

त्यांच्या जनगणनेत 1920 ते 1940 'हिंदू' हा वंश होता, पंजाबचे शीखही त्यातच मोजले जायचे. 1970 ला भारतीय 'व्हाइट'मध्ये गेले आणि 1980 ला 'एशियन इंडियन' असा वेगळा चौकोन आला. एखादे काका 1970 च्या आधी तिकडे गेले असतील तर लाळेवरून करतात ती डीएनए टेस्ट न करताच त्यांचा वंश दहा वर्षांत बदलला.

आपल्या येत्या जनगणनेत जात विचारणार आहेत. तिथेही प्रगणक नाक मोजणार नाही की लाळ घेणार नाही, तुम्ही सांगाल ते लिहून घेणार.