दहा हजार मायक्रोफॅरड आणि चार पाय

माझ्या जुन्या ॲम्प्लिफायरला गुणगुणण्याची सवय जडली, तेव्हा वयाचा दोष समजून मी काही काळ तिच्याकडे काणाडोळा केला. पण ही गुणगुण मोठी निःपक्षपाती होती. आवाजाची खुंटी पार शून्यावर आणली तरी ती तसूभर कमी होत नसे, आणि डाव्या-उजव्या दोन्ही स्पीकरमधून सारख्याच निष्ठेने येत असे. जो दोष खुंटीला जुमानत नाही आणि दोन्ही बाजूंना समान छळतो, तो आवाजाच्या मार्गात नसून सगळ्यांना वीज पुरवणाऱ्या खात्यात असतो, हे ओळखायला फारसे ज्ञान लागत नाही. शिवाय सूरही ओळखीचा होता. मेन्सची ५० हर्ट्‌झची वीज विजेची दिशा एकच करणाऱ्या रेक्टिफायरमधून बाहेर पडताना सेकंदाला १०० उसळ्या मारते. त्या उसळ्या सपाट करणे हे वीज साठवून ठेवणाऱ्या मोठ्या फिल्टर कपॅसिटरांचे काम. त्यांनी ते सोडून दिले की उसळ्या थेट आपल्या कानांवर येऊन आदळतात.

झाकण उघडले तेव्हा ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी निळ्या आवरणातले ते दोन जाडजूड डबे निवांत बसलेले दिसले. एक धन बाजूचा, एक ऋण बाजूचा, आणि दोघांवर एकच मजकूर: १०,००० मायक्रोफॅरड, ७१ व्होल्ट. पहिला आकडा वीज साठवण्याच्या क्षमतेचा, दुसरा जास्तीत जास्त सोसायच्या दाबाचा. आत ॲल्युमिनियमचे दोन लांबलचक वर्ख असतात, मध्ये इलेक्ट्रोलाइटने भिजवलेला कागद असतो, आणि हे सगळे गुंडाळी करून डब्यात कोंबलेले असते. एका वर्खावर ऑक्साइडचा जो अतिसूक्ष्म थर असतो, त्याच्यावर सारा डोलारा उभा असतो. कारोल पोलाक यांनी १८९६ साली या तत्त्वाचे पेटंट घेतले तेव्हापासून मूळ कल्पना फारशी बदललेली नाही, आणि तिचा दोषही बदललेला नाही: आतला ओलावा तळाच्या रबरी बुचातून वर्षानुवर्षे हळूहळू निघून जातो, क्षमता घटते, आतला रोध वाढतो आणि ॲम्प्लिफायर गायकाच्या आधी गाऊ लागतो.

बदलीचा कपॅसिटर निवडताना क्षमता आणि व्होल्ट पाहावेत, असे सगळी पुस्तके सांगतात. पुस्तके खोटे बोलत नाहीत. ती फक्त सोप्या भागावर थांबतात. क्षमतेच्या बाबतीत ही जात कमालीची उदार आहे. जुन्या काळी तर उणे १० टक्क्यांपासून अधिक ५० टक्क्यांपर्यंतची सूट सर्रास असे, म्हणजे डब्यावर १०,००० छापलेले असले तरी आत ९,००० असोत की १५,०००, कारखान्याची मान ताठच. व्होल्टचा प्रश्न जरा अधिक गंभीर, पण तोही सुटण्यासारखा. ७१ हा आकडा आता फारसा कुणी वापरत नाही. ६३ घ्या, नाहीतर ८० घ्या. मी मल्टिमीटर लावून पाहिले तर प्रत्येक बाजूला ५४ व्होल्ट होते. मेन्सचा दाब १० टक्क्यांनी चढला तर ते साठीला टेकणार, म्हणून ६३ मला अंग चोरून बसल्यासारखे वाटले आणि मी ८० वर शिक्कामोर्तब केले. इथपर्यंत सारे अर्ध्या तासात उरकले आणि मला स्वतःविषयी फार बरे वाटू लागले.

त्यानंतर मी सुट्या भागांच्या विक्रेत्यांच्या याद्या उघडल्या.

या याद्यांमध्ये डाव्या बाजूला चाळण्या असतात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर एवढेच म्हटले की हजारोंनी वस्तू हात जोडून उभ्या राहतात. १०,००० मायक्रोफॅरड म्हटले की शेकड्यांवर येतात, ८० व्होल्ट म्हटले की तरीही ऐसपैस निवड उरते. मग मी भाबडेपणाने व्यासाची चाळणी लावली, उंचीची लावली, पायांची लावली, आणि शेवटी 'सध्या उपलब्ध' या निरुपद्रवी चौकोनावर खूण केली, तेव्हा पडद्यावर शून्य वस्तू उरल्या. 'उपलब्ध' काढून पाहिले तर एक सापडली. तिच्यापुढे लिहिले होते की किमान २०० नग घ्यावे लागतील. मला दोन हवे होते. उरलेल्या १९८ कपॅसिटरांसाठी योग्य असे ९९ गुणगुणणारे ॲम्प्लिफायर शोधून काढावेत, असा विचार माझ्या मनात येऊन गेला, यावरून माझ्या तेव्हाच्या मनःस्थितीची कल्पना यावी.

या सगळ्या अडचणीचे मूळ विजेत नसून मिलिमीटरांत आहे. माझ्या डब्यांचा व्यास ४० मिलिमीटर आणि उंची ६५. मधल्या काळात कपॅसिटर बनवणाऱ्यांनी वर्खावर सूक्ष्म खाचा पाडण्याची कला इतकी वाढवली की तेवढीच क्षमता आता ३५ मिलिमीटर व्यासाच्या आणि ५० मिलिमीटर उंचीच्या डब्यात सुखाने मावते. ही प्रगती आहे हे मला मान्य आहे; पण तिच्यामुळे नवा कपॅसिटर जुन्याच्या जागी थोरल्या भावाचा सदरा घातलेल्या पोरासारखा दिसतो, आणि दोघांना मिळून कवटाळणारी धातूची पट्टी त्याच्याभोवती नुसती खुळखुळते. पायांची गोष्ट तर त्याहून बिकट. आजच्या दाबून बसवायच्या बहुतेक कपॅसिटरांना दोन पाय असतात आणि त्यांच्यात बरोबर १० मिलिमीटरचे अंतर असते. ही शिस्त जवळजवळ सर्वत्र पाळली जाते. माझ्या जुन्या डब्यांना चार पाय होते, आणि त्यांच्यातली अंतरे कोणत्या शिस्तीने ठरवली होती, हे ती ठरवणाऱ्यालाच ठाऊक. व्हर्निअर कॅलिपरने मी ती वेगवेगळ्या बाजूंनी मोजली, कागदावर आराखडा काढला, आणि तो आजच्या कोणत्याही कपॅसिटरच्या आराखड्यावर ठेवून पाहिला तरी एक पाय नेहमी हवेत राहत असे.

अशा वेळी मदतीला जाणकार धावून येतात. जुन्या ॲम्प्लिफायरच्या जाणकारांची गंमत अशी, की त्यांना आपण भोकांमधले अंतर विचारावे आणि त्यांनी आपल्याला ध्वनीचे सौंदर्यशास्त्र सांगावे. एकाने मला सांगितले की काळ्या आवरणावर सोनेरी अक्षरे असलेल्या कपॅसिटरने आवाज 'उबदार' होतो. दुसऱ्याच्या मते तोच आवाज 'मंदावतो'. तिसऱ्याने बजावले की पहिले २०० तास काहीही मत बनवू नये, कारण तोवर कपॅसिटर 'मुरलेला' नसतो. तेवढ्या काळात कानच मुरत असतील, ही शंका मी मनातच ठेवली. चौथा म्हणाला, "बदलताच आहात तर २२,००० टाका, ३३,००० टाका, बास कसा भरून येतो बघा!" या सल्ल्यात एक मेख आहे. क्षमता वाढवली की चालू करण्याच्या क्षणी रिकामे कपॅसिटर अधाशासारखा प्रवाह ओढतात. पुढेही रेक्टिफायरचे डायोड कमी वेळासाठी पण अधिक जोराने वीज वाहतात, आणि हा सारा भार ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि फ्यूज यांनी सोसायचा असतो. दीडपट ठीक, त्यापुढे मूळ रचना करणाऱ्याने हिशेब केला होता असे गृहीत धरावे, असे माझे मत आहे. पायांमधल्या अंतराबद्दल मात्र कुणीच काही बोलले नाही.

एक मोहाची वाटही होती. हुबेहूब माझ्यासारखे, तेच निळे आवरण, तेच चार पाय, 'कधीही न वापरलेले' असे कपॅसिटर काही विक्रेत्यांकडे दिसत. न वापरलेले, पण तितकेच म्हातारे! हा माल ज्या काळी बनला त्या काळापासून फळीवर पडून आहे आणि तिथेही त्याचा ओलावा उडत राहिला आहे. वर, वीज न मिळाल्याने ऑक्साइडचा थरही विरत गेलेला असतो, म्हणून असा कपॅसिटर एकदम पूर्ण दाबाला जोडता येत नाही. मोठ्या रोधातून हळूहळू व्होल्ट चढवत त्याला आधी माणसात आणावे लागते. एका म्हाताऱ्याच्या जागी दुसरा म्हातारा आणून बसवायचा आणि त्याचीच आधी शुश्रूषा करायची, हे मला पटले नाही. त्याहून धाडसी माल म्हणजे नामांकित छापाचे, भलतेच स्वस्त कपॅसिटर. यांतल्या काहींच्या मोठ्या डब्यात एक छोटासा कपॅसिटर लपलेला असतो आणि बाकी सारी पोकळी असते, हे कापून पाहणाऱ्यांनी दाखवून दिले आहे. हातात घेतल्यावर वजन हलके लागले की संशय घ्यावा. पण छायाचित्र हातात घेऊन वजन करता येत नाही.

शेवटी मी सरळ मार्ग पत्करला: नामवंत कंपनीचा, अधिकृत वितरकाकडचा, ३५ मिलिमीटर व्यासाचा, दोन पायांचा, १०५ अंश तापमानापर्यंत चालणारा कपॅसिटर, आणि सोबत दोन पायांची भोके चार पायांच्या जागी नेऊन पोचवणारी एक छोटी गोल पट्टी. मागणी नोंदवण्यापूर्वी माहितीपत्रक वाचण्याचा अगोचरपणा मी केला, आणि 'आयुष्य २,००० तास' हे शब्द वाचून हबकलो. २,००० तास म्हणजे ८४ दिवससुद्धा नाहीत! पुढे कळले की हे आयुष्य १०५ अंश सेल्सिअसला आहे, आणि तापमान दर १० अंशांनी उतरले की ते दुप्पट होते असा ढोबळ नियम आहे. माझ्या ॲम्प्लिफायरच्या पोटात ४५ अंश धरले तर सहा वेळा दुप्पट, म्हणजे १,२८,००० तास. रोज तीन तास ऐकले तर ११६ वर्षे. मी पेन खाली ठेवले. हा हिशेब साधारण १५ वर्षांपलीकडे धरू नका, कारण रबरी बूचच तेवढे टिकेल याची खात्री नाही, असे कपॅसिटरवालेच सांगतात. तरी मधली १०१ वर्षे हातची गेल्याची हळहळ मला वाटलीच.

जुने डबे काढणे हे वेगळेच प्रकरण होते. दोन्ही डब्यांच्या बुडाशी तपकिरी, काचेसारखा कडक झालेला राळेसारखा पदार्थ पसरलेला होता. तो पाहून कपॅसिटर 'फुटला, वाहिला' असे निदान ज्याने-त्याने केले. वास्तविक ते कारखान्यातच लावलेले गोंद असते, डबा हलू नये म्हणून. पण त्याची बाजू घ्यावी तर तीही फसवी, कारण उष्णतेने जुनाट झालेले हे गोंद वीज वाहू लागते आणि शेजारच्या तारांचे पाय कुरतडते. म्हणजे आरोप खोटा, पण आरोपी गुन्हेगारच. लाकडी काडीने ते खरवडताना त्याचे कपचे उडून थेट चष्म्यावर येत होते.

त्याआधी कपॅसिटर रिकामे करणे भाग होते. ५० व्होल्टला भरलेल्या १०,००० मायक्रोफॅरडमध्ये साडेबारा ज्यूल ऊर्जा असते. आकडा किरकोळ वाटतो, पण पेचकसाच्या टोकाला तो अजिबात किरकोळ वाटत नाही. मी १०० ओहमचा, पाच वॉटचा रोध लावून दोघांना शांत केले आणि मीटरवर शून्य पाहून समाधानाने बाजूला झालो. थोड्या वेळाने सहज पाहिले तर दीड व्होल्ट! आतल्या थरात मुरलेला भार सावकाश बाहेर येतो, हे शास्त्र मला ठाऊक होते. तरीही मेला म्हणून सोडलेल्याने डोळा उघडावा, तसा तो प्रकार मला खुनशी वाटला. पुन्हा रोध लावला, आणि या वेळी काढला नाही.

सोल्डर वितळवून डबे उपसल्यावर चार पायांचे रहस्य उलगडले. दोन पाय विजेचे आणि दोन नुसते आधाराचे, अशी सर्वांची समजूत होती. बोर्ड उलटा करून मल्टिमीटरची टोके फिरवली तेव्हा दिसले की धन बाजूच्या डब्याचे आधाराचे म्हणवणारे पाय आतून त्याच्या ऋण टोकालाच जोडलेले होते, आणि बोर्डावरच्या जमिनीच्या, म्हणजे शून्य व्होल्टच्या, दोन वेगळ्या पट्ट्या एकमेकींना त्यांच्यामधूनच भेटत होत्या. बोर्ड आखणाऱ्या त्या अनाम गृहस्थाने एक तारेचा तुकडा वाचवण्यासाठी कपॅसिटरच्या पायांचा पूल केला होता. दोन पायांचा नवा कपॅसिटर नुसता बसवला असता तर अर्ध्या बोर्डाची जमीनच नाहीशी झाली असती. मी तिथे तांब्याची एक जाड तार टाकली आणि त्या गृहस्थाला मनातल्या मनात जे म्हणायचे ते म्हटले.

सैल पट्टीत रबराची पट्टी गुंडाळून नव्या जोडीला घट्ट बसवले, ऋण खुणेची रेघ पुन्हा पुन्हा तपासली, आणि मेन्सच्या वाटेत ६० वॉटचा जुना तारेचा दिवा जोडून बटण दाबले. दिवा भपकन उजळला, मग हळूहळू मंदावत नुसती तांबूस तार उरली. कपॅसिटर भरले, आत कुठे शॉर्ट नाही, एवढे तो सांगून गेला. दिवा काढून थेट वीज दिली. खुंटी शून्यावर, कान स्पीकरला: गुणगुण नाही. आवाज उबदार झाला की मंदावला, ते मला सांगता येणार नाही; तो ऐकू येतो.

मग मोकळ्या वेळी जुन्या जोडीची क्षमता मोजली. धन बाजूचा डबा ३,८०० मायक्रोफॅरडवर आलेला होता. सारे रामायण त्याचेच. ऋण बाजूचा भरला ११,४००, आतला रोधही अगदी रास्त, आणि नव्या दोघांपैकी एकही ९,४०० च्या वर नाही! असा धडधाकट गडी टाकून देववत नाही. तो माझ्याकडे आहे. कुणाला हवा असल्यास व्यास ४० मिलिमीटर, उंची ६५, पाय चार, आणि त्यांच्यातल्या अंतरांचा आराखडा सोबत मिळेल. क्षमता आणि व्होल्ट विचारण्याची घाई करू नये.