हायब्रिडचे प्लग, वीस हजार किलोमीटर आणि काकांचं बिल

गेल्या महिन्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला. मजकूर साधारण असा: ‘हायब्रिड घेणाऱ्यांनो सावधान! इंजिन दिवसभर चालू-बंद होतं, म्हणून स्पार्क प्लग दर २०,००० किलोमीटरला जातात. प्लगही दुप्पट. इंजिन आणि मोटर दोन्ही, त्यामुळे सर्व्हिसिंगही दुप्पट. बाहेरच्या मेकॅनिकने प्लगला हात लावला तर झटका बसेल. पाच वर्षांत बॅटरी गेली की लाखांचा खड्डा.’ आमच्या इमारतीतल्या काकांनी तो पुढे ढकलताना खाली लिहिलं, ‘शंभर टक्के खरं, माझंच बघा’, आणि आपल्या हायब्रिडच्या बिलाचा फोटो जोडला. बिलाकडे मग येतो.

आधी वीस हजारांचा आकडा. तो कुणी हवेतून काढलेला नाही, फक्त जुना आहे. प्लगचं काम ठिणगी पाडून इंजिनातलं पेट्रोल पेटवणं. साध्या प्लगचं टोक निकेलच्या मिश्रधातूचं असतं. ठिणगी पडली की त्या टोकाचा अगदी किंचित अंश झिजतो, फट वाढत जाते आणि वीस-तीस हजारांनंतर गाडी कुरकुरायला लागते. मारुती ८०० च्या काळातल्या मेस्त्रींच्या डोक्यात हा आकडा पक्का बसलाय आणि त्या गाड्यांपुरता तो बरोबरच होता. आजच्या हायब्रिडमध्ये मात्र बहुतेक इरिडियमचे प्लग येतात. निकेल १,४५५ अंश सेल्सियसला वितळतं, इरिडियम २,४४६ अंशांना. म्हणून त्याचं टोक सुईसारखं बारीक करता येतं आणि तरी ते टिकतं. अमेरिकेत टोयोटाने प्रियस या आपल्या हायब्रिडच्या प्लगसाठी १,२०,००० मैलांचं अंतर दिलं होतं, म्हणजे जवळपास १,९३,००० किलोमीटर. आपल्याकडे इरिडियम प्लगसाठी साधारण लाखभर किलोमीटर धरतात. नेमका आकडा गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात छापलेला असतो. ते पुस्तक ग्लव्ह बॉक्समध्ये, बहुधा अजून प्लास्टिकच्या पिशवीतच असेल.

‘सारखं चालू-बंद होतं म्हणून झिजतं’ हे ऐकायला पटतं, पण हिशेब उलटा आहे. फोर स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांना एक ठिणगी. साधी पेट्रोल गाडी सिग्नलला ८०० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ८०० फेऱ्यांवर, घुरघुरत असेल, तर एकेका प्लगवर मिनिटाला ४०० ठिणग्या पडतात. पुण्यात विद्यापीठ चौकात अर्धा तास अडकलात तर १२,००० ठिणग्या झाल्या आणि मीटर एक किलोमीटरही धड पुढे सरकलेला नसतो. त्याच कोंडीत हायब्रिडचं इंजिन बराच वेळ बंदच असतं. हायरायडर ही हायब्रिड शहरात साठ टक्के वेळ विजेवर चालू शकते, असा टोयोटाचा दावा आहे. कंपनीचा दावा म्हणून तो निम्मा धरा. तरीही हायब्रिडचा प्लग किलोमीटरमागे कमीच राबतो.

इंजिन पुन्हा सुरू होतानाचा ताणही वाटतो तेवढा नाही. टोयोटा पद्धतीच्या हायब्रिडमध्ये वेगळा स्टार्टर नसतो. मोटर-जनरेटर इंजिनाला आधी हजारेक आरपीएमपर्यंत फिरवतो, मग पेट्रोल आणि ठिणगी येते. थंडीत सकाळी खर्रर्र करत कण्हणाऱ्या गाडीपेक्षा हे कितीतरी सुखाचं.

एक गोष्ट मात्र मेसेज लिहिणाऱ्याला सांगता आली असती आणि त्याने सांगितली नाही. रोज दोन किलोमीटर, भाजी आणायला आणि परत, एवढीच गाडी चालवली तर इंजिन धड तापतच नाही आणि प्लगच्या टोकावर काजळी धरते. त्यावर उपाय आठवड्यातून एकदा हायवेवर लांबची फेरी, नवे प्लग नव्हेत. आणि मेस्त्रीला ते प्लग पॉलिश पेपरने घासू देऊ नका, बारीक टोक तुटतं. हायब्रिडमध्ये खराब प्लग लपूनही राहतो, कारण जिथे इंजिन अडखळतं तिथे मोटर सांभाळून घेते. खूण म्हणजे इंजिन सुरू होताना गाडी थरथरते, ॲव्हरेज पडतं किंवा चेक इंजिनचा दिवा लागतो.

पैशांचं बोलू. इरिडियमचा एक प्लग ९०० रुपयांचा धरा. मारुतीच्या ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग हायब्रिडला (स्ट्राँग म्हणजे नुसत्या मोटरवरही चालणारी) तीन सिलिंडर, म्हणजे २,७०० रुपये. लाख किलोमीटरवर पसरले तर किलोमीटरला पावणेतीन पैसेही होत नाहीत. पेट्रोल १०४ रुपये आणि ॲव्हरेज वीस धरलं तर त्याच एका किलोमीटरला पेट्रोल ५ रुपये २० पैशांचं जळतं. फक्त प्लग ओळखीच्या दुकानातून घ्या, नकली इरिडियमचा सुळसुळाट आहे.

‘प्लग दुप्पट’ हे कुठून आलं कुणास ठाऊक. सिलिंडरला दोन प्लग पाहायचे असतील तर २००३ पासूनच्या पल्सर डीटीएस-आयकडे बघा. होंडा सिटीच्या जुन्या आय-डीएसआय इंजिनालाही चार सिलिंडरना आठ प्लग होते. दोन्हींचा हायब्रिडशी संबंध नाही. उलट आजच्या सिटी हायब्रिडला चारच प्लग आहेत.

सर्व्हिसिंग दुप्पट? टोयोटा पद्धतीच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये क्लच नाही, अल्टरनेटर नाही, स्टार्टर नाही. ब्रेकचं बरंचसं काम मोटर वीज बनवता बनवता करते, म्हणून ब्रेक पॅडही जास्त चालतात. (कोकणातल्या दमट हवेत याचा तोटाही होतो: कमी वापरामुळे कॅलिपरच्या, म्हणजे ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या, पिना गंजून अडकतात. त्या दरवर्षी साफ करून घ्याव्यात.) जास्तीच्या गोष्टी म्हणाल तर इन्व्हर्टरचा (बॅटरीची वीज मोटरला पुरवणाऱ्या भागाचा) कूलंट, बॅटरीच्या पंख्याची जाळी आणि झिरो-डब्ल्यू-सिक्स्टीनसारखं पातळ सिंथेटिक ऑइल. ऑइल महाग आहे, हे कबूल. पण दुप्पट खर्च यातून निघत नाही. शिवाय ‘स्मार्ट हायब्रिड’ अशी पाटी लावलेल्या माइल्ड हायब्रिडमध्ये हे सगळं लागू नाही. त्या पेट्रोल गाड्याच आहेत, मदतीला छोटी मोटर. मेसेजने दोन्हींना एकाच पोत्यात घातलंय.

झटक्याचा मुद्दा अर्धा खरा आहे. भगव्या रंगाच्या जाड केबलला हात लावायचा नाही, तो प्रशिक्षित माणसाचाच प्रांत. ग्रँड व्हिटाराच्या बॅटरीचा दाब १७७.६ व्होल्ट आहे. पण प्लगला वीज देणाऱ्या कॉइल त्या केबलवर नसतात, त्या नेहमीच्या १२ व्होल्टवर चालतात. कॉइलमधून निघणारे हजारो व्होल्ट तुमच्या स्कूटरमध्येही आहेत. खरा धोका वेगळाच आहे: गाडी ‘रेडी’ असेल, म्हणजे इंजिन शांत पण गाडी चालू, तर बॉनेट उघडं असताना इंजिन आपोआप सुरू होऊ शकतं. गाडी बंद करून किल्ली गाडीपासून लांब ठेवली आणि इंजिन गार होऊ दिलं, तर टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) नीट वापरणारा कुठलाही फिटर प्लग बदलेल. काही गाड्यांत लेबर जास्त पडतं हेही खरं. तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये प्लगपर्यंत नीट पोचायला वायपरखालचं आवरण काढावं लागतं.

बॅटरीबद्दल थोडक्यात: मारुती, टोयोटा, होंडा तिघेही हायब्रिड बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी देतात. पाच वर्षांत गेलीच तर खड्डा कंपनीच्या खिशाला पडेल.

आता काकांचं बिल. गाडी २२,००० किलोमीटर चाललेली. मी ओळीने वाचून दाखवलं. ऑइल आणि फिल्टर ठीक. मग एसी डिसइन्फेक्शन, इंजिन ड्रेसिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, अंडरबॉडी कोटिंग. यातलं एकही त्या सर्व्हिसच्या तक्त्यात नव्हतं आणि एकाचाही हायब्रिडशी संबंध नव्हता. शेवटी तीन स्पार्क प्लग, ‘बदलले’. काकांनी जुने प्लग मागून घेतले होते, तेवढं शहाणपण त्यांच्यापाशी होतं. डिकीतून पुडी काढली. तिन्ही टोकं शाबूत, सिरॅमिकवर फिकट तपकिरी छटा, जशी निरोगी प्लगला हवी.

‘म्हणजे हे चांगले आहेत?’ काकांनी विचारलं.

‘अजून पाऊण लाख किलोमीटर तरी.’

त्यांनी पुडी परत बांधली आणि सर्व्हिस सेंटरला फोन लावला.