बंबाचं बिल कोणी पाहिलंय?

मंगळवारी रात्री पावणेअकराला मामाचा फोन आला. मामा आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि सोसायटीचा खजिनदार आहे. "अगं, फायर पंपाचं एस्टिमेट मी विषयपत्रिकेतून काढून टाकतोय. ते काम महापालिकेचं आहे. तुला मेसेज पाठवलाय, वाच."

वाचला. 'मुंबईकरांनो, जागे व्हा' अशी सुरुवात, मध्ये लाल ठिपक्यांचे मुद्दे, शेवटी 'किमान दहा जणांना पाठवा'. तुमच्याकडेही आला असेल. माझ्याकडे तीन ग्रुपवर आला, त्यातला एक भजनी मंडळाचा. ज्यांच्याकडे आला नसेल त्यांच्यासाठी सारांश असा: मुंबई पोलिसांचा पगार महापालिका देते. शहराचे नियम पालिकेच्या सभागृहात रातोरात होतात. 74 हजार कोटींचं बजेट नगरसेवक आपसांत वाटून घेतात, म्हणून सुरक्षेला पैसा उरत नाही. नगरसेवकांऐवजी सरकारने नेमलेले प्रशासक होते तेव्हा सगळं सुतासारखं सरळ होतं. आगीपासून संरक्षण ही पालिकेची जबाबदारी, तेव्हा सोसायटीने पंप, पाइप, फॉर्म बी (यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र) यांवर एक रुपया घालवू नये. आणि शेवटचा मुद्दा: बंब बोलावला की पंचवीस हजारांचं बिल येतं, म्हणून आधी स्वतः विझवून बघा.

शेवटापासूनच सुरू करते, कारण बाकीच्या थापांनी डोकं फिरतं, या थापेने माणूस मरेल.

मुंबईत आग लागली म्हणून 101 फिरवला तर बिल येत नाही. पंचवीस हजारांचं नाही, पंचवीस रुपयांचंही नाही. शूटिंगला किंवा मोठ्या कार्यक्रमाला खबरदारी म्हणून बंब उभा करून ठेवायचा असेल तर शुल्क भरावं लागतं, ते वेगळं. बहुतेक अशीच कुठली तरी पावती कोणीतरी पाहिली आणि तिचं शेपूट वाढवत वाढवत हा मेसेज झाला. ज्यांना ठामपणे वाटतं त्यांनी आगीच्या कॉलचं एक बिल दाखवावं. फोटो चालेल.

मामा, तुला आपल्या मीटर रूमची गोष्ट आठवते का? दोन वर्षं झाली. रात्री धूर यायला लागला तेव्हा वॉचमनने पहिला फोन इलेक्ट्रिशियनला केला, दुसरा सेक्रेटरींना, तिसरा त्याच्या सुपरवायझरला. 101 चौथा. तोवर जिना काळा झाला होता आणि पाचव्या मजल्यावरच्या आजी ओला पदर तोंडाला लावून पायरीवर बसल्या होत्या. जवान आले, आधी वीज तोडायला लावली, मग पावडर मारली. वीस मिनिटांत काम संपलं. त्यांच्यातल्या एकाने वहीत इमारतीचं नाव लिहून घेतलं, सेक्रेटरींची सही घेतली, बाटलीभर पाणी प्यायले आणि गेले. तू स्वतः खाली लुंगीवर उभा होतास. कुठे होतं बिल? असतं तर खजिनदार म्हणून तुझ्याच हातात आलं असतं.

'आधी स्वतः विझवा' लिहिणाऱ्याला बहुधा चुलीतली आग एवढीच माहीत असावी. इमारतीत माणूस आगीने मरतो त्याच्याआधी धुराने गुदमरतो, आणि ती पहिली पाच-दहा मिनिटंच काय ती हातात असतात. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर झाकण टाका, गॅस बंद करा, जरूर करा. पण एकाने झाकण टाकायचं आणि दुसऱ्याने त्याच वेळी फोन लावायचा. बिलाच्या धास्तीने कोणी दहा मिनिटं थांबलं तर त्या दहा मिनिटांचा हिशेब या मेसेजवर मांडायला हवा. 1944 च्या गोदीतल्या स्फोटात मुंबई अग्निशमन दलाचे 66 जवान गेले, 14 एप्रिल त्यांच्यासाठीच पाळतात. 2015 मध्ये काळबादेवीच्या गोकुळ निवासाच्या आगीत चार वरिष्ठ अधिकारी गेले, त्यात खुद्द प्रमुख अग्निशमन अधिकारी. अशा दलाला बिलवाले ठरवायचं, तेही फोनवर अंगठा फिरवून.

आता मामाचा लाडका मुद्दा: 'काम पालिकेचं, खर्च आपला का?'

यात अर्धं खरं आहे, आणि ते मला नाइलाजाने मान्य करावं लागतंय. मुंबई महानगरपालिका अधिनियम 1888 चा. त्याच्या कलम 61 मध्ये पालिकेची बंधनकारक कर्तव्यं दिलीत, त्यात अग्निशमन दल ठेवणं आहे. जमलं तर करू, या यादीत ते नाही. पण दल ठेवणं वेगळं आणि तुमच्या इमारतीतला पंप दुरुस्त करून देणं वेगळं. पालिका रस्त्यावर दिवा लावते म्हणून ती आपल्या जिन्यातली ट्यूब बदलायला येत नाही.

इमारतीच्या आत काय, ते महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 सांगतो. मेसेज लिहिणाऱ्याने हा कायदा उघडलेलाच नाही. कलम 3 वाचा, बाकी नाही वाचलं तरी चालेल. आगीपासून बचावाची यंत्रणा बसवणं आणि ती कायम चालू ठेवणं ही इमारतीच्या मालकाची, आणि मालक नसेल तर तिथे राहणाऱ्या-वापरणाऱ्याची जबाबदारी. सोसायटीची इमारत असेल तर मालक म्हणजे आपणच. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून तपासून घेऊन यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यायचं. तोच फॉर्म बी. नाही केलं तर नोटीस, आणि पुढे वीज-पाणी तोडण्यापर्यंत अधिकार आहेत. 2018 च्या ऑगस्टमध्ये परळच्या क्रिस्टल टॉवरला आग लागली आणि चार जण गेले, तेव्हा तिथली यंत्रणा बंद होती. पालिकेची नव्हे, इमारतीची.

'बंबाची शिडी आहे की नव्वद मीटरची,' असं मामा म्हणाला. आहे. ती आपल्या गल्लीत कशी वळवायची ते सांग. दोन्ही बाजूंना गाड्या, कोपऱ्यावर नारळवाल्याची गाडी, वर केबलच्या वायरी. म्हणून तर बारा मजली इमारतीला आतला पाइप आणि पंप दिलेला असतो. जवान आपला होज, म्हणजे पाण्याची नळी, आणून त्याच पाइपला जोडतात, आणि पाइपात पाणी नसेल तर त्यांनी काय करायचं?

बुधवारी सकाळी मी सातव्या मजल्यावरची होजची लाल पेटी उघडली. आत दोन झाडू, रद्दीचा गठ्ठा आणि थर्माकोलचं अर्धं गणपतीचं मखर. होजला नोझल नाही. पितळेचं असतं, भंगारात जातं, कोणी नेलं देव जाणे. व्हॉल्व्ह फिरवला तर आधी फिरेचना, मग चूळभर तांबडं पाणी आलं आणि थांबलं. मखराला मात्र कोणी हात लावला नव्हता. 'एक रुपया घालवू नये' असं म्हणणाऱ्याने ती पेटी एकदा उघडावी.

फॉर्म बी ही लूट आहे, या म्हणण्यातही थोडं तथ्य आहे, कबूल. मागच्या वर्षी एका एजन्सीच्या माणसाने मला फोनवर सांगितलं, "मॅडम, यायची गरज नाही, पीडीएफ संध्याकाळी पाठवतो." इमारत न बघता. अशा माणसाला पैसे देणं म्हणजे चोराच्या हाती किल्ली. पण म्हणून तपासणीच बंद करायची? डॉक्टर फसवा निघाला म्हणून ताप मोजायचा सोडतो का आपण? त्याला म्हणायचं, माझ्यासमोर पंप चालू कर, गच्चीवर पाणी दाखव, मग सही.

आता सभागृहाकडे. इथे मेसेजचं गणितच गडगडतं. 74 हजार कोटींचं बजेट, नेमकं सांगायचं तर 74,427 कोटींचं, हे 2025-26 चं. ते मांडलं फेब्रुवारी 2025 मध्ये, प्रशासकांनी. नगरसेवकांची मुदत संपली होती 7 मार्च 2022 ला, आणि निवडणूक झाली ती यंदा, 2026 च्या जानेवारीत. म्हणजे ज्या बजेटचे लचके 227 नगरसेवकांनी तोडल्याचं मेसेज सांगतो, त्या बजेटच्या वेळी सभागृहात एकही नगरसेवक नव्हता. खुर्च्यांनी वाटून घेतलं का?

आणि त्याच तोंडाने 'प्रशासक होते तेव्हा सरळ होतं'. प्रस्ताव मांडणारे तेच, स्थायी समिती म्हणून मंजूर करणारे तेच, सभागृह म्हणूनही तेच. याला सरळ म्हणत असतील तर म्हणोत. एरवी फेब्रुवारीत आयुक्त स्थायी समितीपुढे अंदाजपत्रक ठेवतात, समितीत त्यावर चिरफाड होते, मग ते सभागृहात जातं आणि मार्चअखेरपर्यंत मंजूर व्हावं लागतं. कंटाळवाणा प्रकार आहे. माणसं गल्लीतल्या गटारावर वीस-वीस मिनिटं बोलतात. पण त्यातच कोणीतरी उठून विचारतं, अग्निशमनाला गेल्या वर्षी दिलेल्यातले खर्च किती झाले? आणि अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागतं, पत्रकार समोर बसलेले असताना. मोठी आग लागली की दुसऱ्या दिवशी स्थायी समितीत हरकतीचा मुद्दा येतो, अहवाल मागवला जातो. जवळजवळ चार वर्षं हे विचारणारं तिथे कोणी नव्हतं. गोरेगावच्या जय भवानी इमारतीची आग ऑक्टोबर 2023 ची, घाटकोपरला होर्डिंग पडून 17 जण गेले ते मे 2024 मध्ये. 40 बाय 40 फुटांची मर्यादा असताना 120 बाय 120 चं होर्डिंग लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातल्या जागेवर उभं होतं, आणि परवानगी कोणाची लागते यावर पालिका एकीकडे, रेल्वे दुसरीकडे. हा वाद सभागृहात आधी झाला असता तर होर्डिंग उतरलंच असतं, अशी हमी मी देत नाही. पण वाद व्हायला जागाच नव्हती.

नगरसेवकांची वकिली करायचा मला काही उत्साह नाही. टक्केवारीच्या गोष्टी मुंबईत कोणी ऐकल्या नाहीत? 'प्रस्ताव राखून ठेवला' याचा अर्थ काय, हे शेंबड्या पोरालाही कळतं. झटपट तहकुबी, सभात्याग, घोषणा, सगळं पाहिलंय. तरी एक सांगते, कारण या मेसेजमधल्या फीच्या भीतीचं मूळ बहुधा तिथेच आहे. 2021 मध्ये प्रशासनाने नव्या इमारतींकडून अग्निसेवा शुल्क वसूल करायचं ठरवलं, तेही 2014 पासूनची मागील थकबाकी धरून. तेव्हा स्थायी समितीत सगळ्या पक्षांचे नगरसेवक तुटून पडले आणि ती वसुली थांबली. म्हणजे शुल्काची गोष्ट हवेतली नाही. पण ते शुल्क बांधकामावरचं होतं, बंब बोलावण्याचं नव्हे, आणि अडवलं ते मेसेज ज्यांना चोर म्हणतो त्यांनीच.

नियम रातोरात होतात? 1888 च्याच अधिनियमाच्या कलम 461 खाली उपविधी, म्हणजे शहराचा नियम, करायचा तर मसुदा छापा, हरकती-सूचना मागवा, सभागृहाची मंजुरी घ्या, वर राज्य सरकारचं शिक्कामोर्तब. थुंकलं तर 200 रुपये दंड हा 2006 च्या उपविधींतला. कचऱ्यावर शुल्क सुचवणारा नवा मसुदा एप्रिल 2025 मध्ये हरकतींसाठी लोकांपुढे ठेवला होता. तुम्ही पाठवली का एक तरी हरकत? मीही नाही पाठवली. रातोरात म्हणावं असं उदाहरण द्यायचंच तर गच्चीवरच्या हॉटेलांचं धोरण. ते वर्षानुवर्षं समितीत अडलं, आणि नोव्हेंबर 2017 मध्ये आयुक्तांनी आपल्या अधिकारात मंजूर करून टाकलं, सभागृहाला बाजूला ठेवून. पुढच्याच महिन्यात कमला मिलच्या गच्चीवर 14 जण गेले. त्या हॉटेलांना परवानगी या धोरणातून मिळाली होती असं अजिबात नाही, तिथलं बांधकामच बेकायदा होतं. पण रातोरात कोण करतं, ते लक्षात आलं असेल.

पोलिसांचा पगार राज्याच्या गृहखात्यातून होतो. पुढे.

मामाला हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "तू लिहून दे, मी वाचतो." म्हणून लिहिलं. विषयपत्रिका त्याने अजून छापलेली नाही, एस्टिमेट पुन्हा सहाव्या विषयात घालतो म्हणालाय. सभा रविवारी साडेदहाला खाली पार्किंगमध्ये. नोझलसाठी मी लोहार चाळीत विचारून ठेवलंय. सातव्या मजल्यावरचं मखर ज्यांचं असेल त्यांनी तेवढं शनिवारपर्यंत उचलावं.